रेंज गेल्यावर टॅब काय कामाचा?

गेल्या अंकातल्या पावसाळी भटकंतीच्या टिपणात आम्ही एक ओळ लिहिली होती: जुना टॅब भंगारात देऊ नका, नकाशे भरून सोबत ठेवा. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले, की या वेळचा सगळा रकाना त्यांनाच दिला आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

घरात दहा इंची टॅब पडून आहे. सिमचा खण नाही, फक्त वाय-फायवर चालतो. हरिहर गडावर नेला तर आपण कुठे आहोत ते दाखवेल का? मुलगा म्हणतो, नेटशिवाय जीपीएस चालतच नाही. (सिडको)

चालते. उपग्रह वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सतत सांगत असतात. टॅब फक्त ऐकतो आणि हिशेब करतो. त्याला ना सिम लागते ना नेट. खरा प्रश्न हा, की तुमच्या टॅबमध्ये जीपीएसची चिप आहे का? आयपॅडच्या फक्त वाय-फायवाल्या मॉडेलमध्ये ती नसते, सिमवाल्यात असते. अँड्रॉइडच्या बऱ्याच वाय-फाय टॅबमध्ये असते, पण स्वस्तातल्या काहींत गाळलेली असते. गंमत अशी, की चिप नसलेला टॅबही घरी नकाशावर निळा ठिपका दाखवतो. तो आजूबाजूच्या राउटरवरून काढलेला अंदाज असतो. घरात बसून केलेली तपासणी म्हणूनच फसवी ठरते.

तपासायचे ते गच्चीवर. जीपीएसटेस्ट हे मोफत ॲप घ्या, टॅब विमान मोडवर टाका, वाय-फाय बंद असल्याची खात्री करा आणि टॅब मोकळ्या आकाशाखाली ठेवून द्या. विमान मोडने जीपीएस बंद होत नाही. लोकेशनचे बटण मात्र चालू हवे. उपग्रहांची यादी हळूहळू भरू लागेल. चार किंवा जास्त उपग्रह वापरात आले की जागा ठरते. पंधरा-वीस मिनिटांनीही यादी रिकामीच असेल तर चिप नाही असे समजा. तो टॅब नकाशासाठी नको, वाचण्यासाठी ठेवा.

एवढा वेळ का? नेट असते तेव्हा उपग्रहांच्या कक्षांची माहिती सर्व्हरवरून क्षणात येते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रह बोलतो सेकंदाला ५० बिटच्या वेगाने. एका उपग्रहाची स्वतःची कक्षा ३० सेकंदांच्या फेरीत येते. सगळ्या उपग्रहांचे मिळून जे पंचांग असते ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. मध्येच झाडाखाली किंवा कड्याला लागून गेलात, की तुटलेला भाग पुढच्या फेरीत घ्यावा लागतो. म्हणून हरिहरच्या पायथ्याच्या निरगुडपाड्याला गाडीतून उतरल्या उतरल्या टॅब हातात धरून चालू लागू नका. उघड्यावर ठेवा, चहा होऊ द्या, ठिपका एका जागी बसला की निघा. त्याच सकाळी घरच्या वाय-फायवर नकाशा एकदा उघडून घेतलात तर हे थांबणेही बरेच कमी होते.

आणखी एक. झाकणात चुंबक असलेले कव्हर काढून ठेवा. त्याने टॅबचा होकायंत्र-सेन्सर बहकतो आणि बाण भलतीकडे वळतो. काही टॅबमध्ये हा सेन्सरच नसतो. अशा वेळी वीस-पंचवीस पावले सरळ चाललात की ठिपका कोणत्या दिशेला सरकतो त्यावरून दिशा धरा.

गुगल मॅप्सवर त्र्यंबक-हर्षेवाडीचा भाग डाउनलोड केला होता. पायथ्यापर्यंत रस्ता दिसला, पण गडावरची पायवाट दिसलीच नाही. डाउनलोड अर्धवट झाले होते का? (सातपूर)

डाउनलोड पूर्णच झाले असणार. गुगलचा ऑफलाइन नकाशा गाडीने जाणाऱ्यासाठी आहे. त्यात चालण्याचा मार्ग ऑफलाइन मिळत नाही, आपल्याकडच्या पायवाटा फारशा नसतात आणि डाउनलोड केलेला भाग मुदत संपली की नव्याने घ्यावा लागतो. पायथ्यापर्यंत तो उत्तम. तिथून वर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मँड वापरा. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात आणि ती माहिती स्वयंसेवक भरतात. ऑरगॅनिक मॅप्स साधे आणि हलके आहे, घरातल्या कोणालाही पाच मिनिटांत जमेल. ऑस्मँडमध्ये सोयी जास्त, डोकेदुखीही जास्त. प्ले स्टोअरवरच्या त्याच्या मोफत आवृत्तीत नकाशांच्या संख्येवर मर्यादा आहे. सुरुवात ऑरगॅनिकने करावी असे आमचे मत.

महाराष्ट्राबरोबर गुजरातचा नकाशाही उतरवा. राज्यातला सर्वांत उंच किल्ला, २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला साल्हेर, थेट सीमेजवळ आहे; पलीकडच्या डांगातल्या रस्त्यांशिवाय तिथला नकाशा निम्मा कोरा दिसतो. मग समोच्चरेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, थर चालू करा. रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कातळकडा आहे. पायवाटेची तुटक रेघ अशा दाट पट्ट्यातून सरळ वर जाताना दिसली तर तिच्यावर विश्वास टाकण्याआधी गावात विचारा. हरिहरसारख्या कातळात खोदलेल्या पायऱ्या तिथे असतील तर ठीक, नाहीतर कोणाची तरी चुकलेली नोंद.

सह्याद्रीत नकाशाचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे ढोरवाटा. गुरे चरायला जातात त्या वाटा उपग्रहचित्रात पायवाटेसारख्याच दिसतात आणि कोणीतरी त्या तशाच रेखाटून टाकतो. वाट ठळक असते, दोनशे-तीनशे मीटर आडवी जाते आणि कारवीत विरून जाते. म्हणून घरी बसून आपल्या खुणा आधीच टाकून ठेवा: पायथ्याचे गाव, मुख्य वाट सोडायची ती खिंड, सोंडेवर चढायची जागा, पाण्याचे टाके, आणि परतीला रेंज येते ते पहिले ठिकाण. खुणांना मराठीत आणि आपल्याला कळतील अशी नावे द्या: ‘इथून डावीकडे, उजवीकडे ढोरवाट’. आधी जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाकडून जीपीएक्स फाइल, म्हणजे त्याच्या वाटेची नोंद, मिळाली तर सोन्याहून पिवळे. टाक्याच्या खुणेपुढे महिना लिहा. मार्चमध्ये भरलेले टाके मेमध्ये कोरडे असू शकते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सिरीज नकाशे पीडीएफ रूपात मोफत मिळतात. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. वाटा जुन्या असतात, पण ओढे, धारा आणि वाड्या-पाड्यांची नावे फार चांगली. आपल्या भागाचे पत्रक टॅबवर टाका आणि त्याचीच कागदी प्रतही काढा.

उंचीच्या आकड्याने घाबरू नका. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि काही ॲप वर पोहोचल्यावरही साठेक मीटर कमी दाखवतात. उपग्रहाची उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली आहे. ॲपने दुरुस्ती केली नसेल तर तेवढा फरक राहतो.

मदत मागताना अक्षांश-रेखांश सांगायचे म्हणतात. टॅबवर ते वेगवेगळ्या प्रकारे दिसतात. कोणते सांगायचे? (इंदिरानगर)

दशांशातले सांगा, आणि ‘दशांश’ हा शब्द उच्चारून सांगा. हरिहरचा रेखांश दशांशात ७३.४७ आहे. ऐकणाऱ्याने तो ‘७३ अंश ४७ मिनिटे’ असा लिहून घेतला तर ती रेषा जाते थेट नाशिक शहरातून. सुमारे ३३ किलोमीटरची चूक, आणि तीही अशी की संशय येऊ नये. एका अंशात ६० मिनिटे असतात, त्यामुळे ०.४७ अंश म्हणजे २८ मिनिटे. घोळ इथेच होतो.

ॲपच्या सेटिंगमध्ये दशांश पद्धत आत्ताच निवडून ठेवा. चार दशांश स्थळे पुरतात, त्याने जागा दहा-अकरा मीटरच्या आत येते. आकडे एकेक करून वाचा, समोरच्याकडून परत म्हणवून घ्या, आणि पाठोपाठ जवळच्या गावाचे व तालुक्याचे नाव सांगा.

वाय-फाय टॅबवरून ११२ लागणार नाही. टॅब जागा सांगेल, फोन करायला साधा बटणांचा मोबाइल का होईना, सोबत हवाच. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदतक्रमांकही निघण्यापूर्वी त्यात साठवून घ्या. डोंगरातल्या सुटकेचा अनुभव असलेल्या स्थानिक तुकड्यांशी ते संपर्क जुळवतात.

दहा हजार एमएएचची पॉवर बँक आहे, टॅबची बॅटरी आठ हजारांची. तरी टॅब एकदाही पूर्ण भरत नाही. पॉवर बँक नकली आहे का? (म्हसरूळ)

नकली असेलच असे नाही. एमएएचची एमएएचशी तुलना करू नका, वॉट-तास काढा. पॉवर बँकेतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणून १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर वीज येते ५ व्होल्टने. व्होल्ट वाढवताना काही उष्णतेत जाते. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून साधारण ६,००० एमएएच लिहिलेले असते, खरा आकडा तो. ६,००० गुणिले ५ व्होल्ट, म्हणजे ३० वॉट-तास. टॅब भरताना आणखी दहावा हिस्सा जातो, उरले २७. तुमच्या टॅबची बॅटरी ८,००० एमएएच, ३.८५ व्होल्ट, म्हणजे जवळपास ३१ वॉट-तास. हिशेब जुळला. दोन दिवसांच्या भटकंतीला २०,००० ची घ्या, पावणेदोन वेळा भरेल.

त्याहून मोठी बचत टॅब कसा वापरता त्यात आहे. उजेड पूर्ण ठेवून नकाशा सतत समोर धरलात तर पाच-सहा तासांत टॅब संपेल. दिवसभर पिशवीत ठेवा, फाट्यावर काढा, बघा, परत ठेवा. फोनही विमान मोडवर टाका. रेंज नसलेल्या दरीत तो टॉवर शोधत जास्तीत जास्त ताकदीने ओरडत राहतो आणि दुपारपर्यंत निम्मा होतो. सौर पॅनेलचा मोह पावसाळ्यात टाळा. ढग आला की वीज तुटते, आला-गेला करत टॅब चार्जिंग सुरू-बंद करतो आणि हाती काही लागत नाही. गाडीतला चार्जर जास्त उपयोगी. केबल मात्र दोन घ्या. पॉवर बँक भरलेली आणि केबल मेलेली, ही तक्रार आमच्याकडे सर्वाधिक येते.

संपूर्ण विकिपीडिया टॅबवर घेता येतो असे ऐकले. ६४ जीबीचे मेमरी कार्ड आणले, पण मोठी फाइल कार्डावर जातच नाही. प्रथमोपचाराचे मराठी पीडीएफही आहेत, त्यात शब्द शोधला तर सापडत नाही. (सटाणा)

किविक्स या ॲपने घेता येतो. पण चित्रांसह पूर्ण इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या वर जातो. तुमच्या कार्डात मावणार नाही आणि रानात लागणारही नाही. मराठी विकिपीडिया घ्या आणि विकिमेड हा वैद्यकीय लेखांचा संच घ्या. विकिमेड इंग्रजीत आहे, साधारण दोन जीबीचा.

मोठी फाइल अडते कारण कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट झालेले आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, कार्ड रिकामे असले तरी. कार्डातले बाहेर काढा, संगणकावर एक्सफॅटने फॉरमॅट करा. टॅब जुना असेल तर एक्सफॅट वाचतो का ते आधी पाहा. टॅबने ‘इंटरनल स्टोरेज म्हणून वापरू का’ विचारले तर नाही म्हणा: तसे केलेले कार्ड कूटबद्ध होते, टॅब फुटला तर दुसऱ्या कोणत्याही यंत्रात वाचता येत नाही. कार्ड फारच स्वस्तात मिळाले असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. ६४ लिहिलेले आणि आत ८ जीबी असे निघते, आणि जास्तीचे लिहिलेले सगळे मुकाट्याने नाहीसे होते.

पीडीएफचे कारण वेगळे. जुनी मराठी पुस्तिका युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली असते. डोळ्यांना देवनागरी दिसते, फाइलच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी असते. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, लगेच कळेल. स्कॅन केलेल्या पानांत तर शोधण्यासारखी अक्षरेच नसतात. उपाय साधा: फाइलला ‘०१ सर्पदंश’, ‘०२ हाड मोडणे’, ‘०३ उष्माघात’ अशी नावे द्या आणि कोणत्या पानावर काय ते एका छोट्या यादीत लिहा.

सर्पदंशाचे मात्र वेगळे एकच पान करा, मोठ्या अक्षरात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य विषारी. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढायची, सूज आली की निघत नाहीत. चावलेला अवयव फळीला बांधून हलू द्यायचा नाही. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून दोरी बांधायची नाही, साप पकडायला धावायचे नाही. वेळ लिहून ठेवायची आणि प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठायचे. त्या पानाखाली आपल्या मार्गावरची सरकारी रुग्णालये लिहा: नाशिकचे जिल्हा रुग्णालय, कळवणचे उपजिल्हा रुग्णालय, त्र्यंबकेश्वर, हरसूल, जिथे जाणार असाल त्याप्रमाणे. प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का हे निघण्याआधी फोन करून विचारायला लाजू नका.

भांडी बाजारात दुकान आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आत आले. पुराच्या तयारीसाठी टॅबवर काय ठेवावे? (भांडी बाजार)

आधी काय ठेवू नये ते. गंगापूर धरणाच्या विसर्गाचे कालचे आकडे साठवून काही मिळत नाही, ते ताजेच हवेत. वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर येतात आणि काही तासांत तेही बसतात. त्या वेळी बातमीसाठी सेलवरचा रेडिओ हवा, आकाशवाणी नाशिक १०१.४ वर. आणि पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत आले हे मोजमाप गोदाकाठाला कोणत्याही ॲपपेक्षा जुने आणि लवकर कळणारे आहे.

टॅबवर ठेवा ते कागद: विम्याची पॉलिसी, दुकानाचा परवाना, भाडेकरार, मालाची यादी, आणि मे महिन्यात काढलेले कपाट-कपाटाचे फोटो. भरपाई मागताना आधी काय होते हे दाखवावे लागते. पाणी शिरल्यानंतर काढलेल्या फोटोंतून फक्त चिखल दिसतो. आधार मास्क्ड घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. हे सगळे मेमरी कार्डावर ठेवू नका, कार्ड कोणीही काढून वाचू शकतो. फाइल्स बाय गुगलमधल्या सेफ फोल्डरमध्ये ठेवा. त्याचा पिन विसरलात तर आतले परत मिळत नाही, म्हणून दुसरी प्रत गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे.

क्रमांक: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ आणि त्यांचा पूर्ण लँडलाइन क्रमांकही. हेच क्रमांक कागदावर लिहून गल्ल्याच्या झाकणाच्या आतून चिकटवा.

पावसात पिशवीतूनही स्क्रीन आपोआप उघडते, नकाशा उड्या मारतो. (नाशिकरोड)

थेंबांना टॅब बोट समजतो. झिप पिशवीच्या आत सुती रुमालाची घडी ठेवा म्हणजे दमट हवेचे पाणी काचेवर धरणार नाही, बाहेरून पुसायला दुसरा रुमाल. ऑस्मँडमध्ये नकाशा लहान-मोठा करायचे काम आवाजाच्या बटणांवर देता येते, ते चालू करा. चार्जिंगचे भोक ओले असताना केबल लावू नका. तोंड खाली करून झटका आणि वाळू द्या. फुंकर मारली तर पाणी आणखी आत जाते.

सगळे भरून टॅब कपाटात ठेवला होता. चार महिन्यांनी काढला तर नकाशात जागा दिसेना, एक ॲप लॉगिन मागू लागले. (देवळाली कॅम्प)

अँड्रॉइडचा हा स्वभाव आहे. काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या तो काढून घेतो, लोकेशनचीही. प्रत्येक गरजेच्या ॲपच्या माहितीपानावर जाऊन ‘वापर नसल्यास ॲप थांबवा’ अशा अर्थाचे बटण बंद करा. लॉगिन मागणारे ॲप आणीबाणीच्या टॅबवर ठेवूच नका. बॅटरी पार उतरली असेल तर घड्याळही चुकलेले असते आणि चुकीच्या तारखेवर जीपीएसला जागा शोधायला जास्त वेळ लागतो.

कपाटात ठेवताना बॅटरी निम्मी ठेवा, पूर्ण नाही. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात लवकर म्हातारी होते. दर दोन महिन्यांनी काढून निम्म्यावर आणा, नकाशे ताजे करा. मग टॅब बंद करून सुरू करा, विमान मोडवर टाका आणि एकेक ॲप उघडून बघा: नकाशा, खुणा, सर्पदंशाचे पान, कागद. विमान मोडवर जे उघडले नाही ते टॅबवर नाही असेच धरा.

२०२७ च्या सिंहस्थात गर्दीत नेटवर्क मिळणार नाही म्हणतात. घरी बारा पाहुणे येणार. टॅब उपयोगी पडेल का? (पंचवटी)

गर्दीत हातात नको, घरी हवा. नकाशावर घर, भेटण्याच्या दोन जागा (घाटापासून लांब, एकीवर पोहोचता आले नाही तर दुसरी), वाहनतळ आणि मदतकेंद्रे यांच्या खुणा करा. खुणांची फाइल ब्लूटूथने किंवा क्विक शेअरने प्रत्येकाच्या फोनवर पाठवता येते, नेट लागत नाही. मात्र पाहुण्यांच्या फोनवर तेच ॲप आणि महाराष्ट्राचा नकाशा आधी हवा, तेव्हा त्यांना गावाहून निघतानाच उतरवून घ्यायला सांगा. नेट तुंबले तरी साधा एसएमएस बऱ्याचदा निघतो. आजी-आजोबांच्या खिशात फोन नसला तरी चालेल, घरचा पत्ता आणि दोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून द्या.